प्रवासात पहिल्यांदाच स्ट्रीट फोटोग्राफी करायची, तर निघण्यापूर्वी काय ठरवून ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बरीच वर्षं डोंगर, समुद्र, पहाटेचं आकाश असेच फोटो काढलेत आणि ट्रायपॉडशिवाय हात चालत नाही. आता आठवडाभर एका परक्या शहरात राहायचं आहे आणि तिथे स्ट्रीट फोटोग्राफी, म्हणजे रस्त्यावरच्या माणसांचे जसे घडतील तसे फोटो, करून बघायची आहे. सेटिंग काय ठेवावं, अनोळखी माणसांसमोर कॅमेरा उचलायची भीड कशी मोडावी, नवी लेन्स घ्यावी का, आणि या नादात सहलीचे नेहमीचे चांगले फोटो हातचे जातील का?

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण वेळेचा हिशेब तिथूनच सुरू होतो. हो, काही फोटो हातचे जातील. एकाच फेरीत दोन्ही साधायला गेलात तर दोन्ही जातील. सोनेरी उजेडात नदीवरचा पूल समोर असला की कोपऱ्यावरच्या माणसांकडे तुमचं लक्ष जाणार नाही, आणि गेलंच तर कॅमेरा आयएसओ १००, एफ/११ वर, म्हणजे कमी संवेदनशीलता आणि लेन्सचं लहान छिद्र (अ‍ॅपर्चर) अशा संथ कामाच्या सेटिंगवर, अडकलेला असेल. तेव्हा वेळ वाटून घ्या. सकाळचा तास-दीड तास फक्त रस्त्याचा. त्या वेळात कितीही देखणं दृश्य दिसलं तरी मोबाइलवर टिपा आणि पुढे चला. उरलेल्या दिवसात तुमचे नेहमीचे फोटो काढायला तुम्ही मोकळे. सोबत घरची मंडळी असतील तर ही वाटणी आणखीच सोयीची, कारण एकाच कोपऱ्यावर वीस मिनिटं खिळलेल्या माणसासाठी ताटकळायला कुणाला आवडत नाही.

आता मूळ मुद्दा. विषय बदलतो हे तर दिसतंच, पण निसर्गचित्रांकडून रस्त्यावर येताना खरी उलथापालथ निर्णयांच्या क्रमात होते. निसर्गचित्र काढताना तुम्ही जागा शोधता, फ्रेम बांधता, फोकस, अ‍ॅपर्चर, फिल्टर, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-काळोख्या भागांचा आलेख) सगळं बघून घेता आणि मग उजेडाची वाट बघत बसता. रस्त्यावर हाताशी सेकंद-दोन सेकंद असतात. त्यात एकच निर्णय मावतो: कुठे उभं राहून कधी बटण दाबायचं. बाकी सगळे निर्णय खोलीचं दार ओढून घेण्यापूर्वी झालेले असले पाहिजेत. माझ्या शिबिरांत निसर्गचित्रं काढणारे बरेच जण येतात. त्यांना उजेड उत्तम कळतो, फ्रेमच्या कडा तपासायची सवय असते, पहाटे उठायचा कंटाळा नसतो. तरीही पहिल्या दिवशीचे त्यांचे फोटो फसतात, कारण माणूस समोरून निघून जातो तेव्हा त्यांची नजर डायलवर असते.

तर ते निर्णय एकेक करून घेऊ. पहिला शटर स्पीडचा, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याचा.

साधारण चालीने चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर पुढे जातो. म्हणजे १/६० सेकंदात तो २.३ सेंटिमीटर सरकतो, आणि १/५०० मध्ये तीन मिलिमीटरसुद्धा नाही. तो तीन मीटरवरून आडवा जातोय आणि तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि २८ मिमी लेन्स आहे असं धरा. १/६० ला त्याची कडा सेन्सरवर छत्तीसेक पिक्सेल फराटते, १/५०० ला चार-पाच. शिवाय पाऊल धडापेक्षा बरंच वेगाने हलतं, त्यामुळे चेहरा ठीक पण बूट पुसलेला असे फोटो १/१२५ ला सर्रास येतात. दिवसा मी १/५०० च्या खाली उतरत नाही. अ‍ॅपर्चर एफ/८. आयएसओ ऑटोवर, कमाल मर्यादा ६४००, आणि ऑटो आयएसओच्याच मेनूत किमान शटर स्पीड १/५००. हे एकदा लावलं की उन्हातून सावलीत शिरताना उजेड तीन-चार स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) घसरला तरी तुम्हाला बोट हलवावं लागत नाही.

इथे निसर्गचित्रवाल्यांचा जीव वरखाली होतो, कारण आयएसओ १०० सोडवत नाही. सोडा. आयएसओ ३२०० चा नॉइज (फोटोतले दाणे) आजच्या सॉफ्टवेअरमध्ये बराच आवरता येतो आणि छापल्यावर बहुतेकदा दिसतही नाही. हललेला चेहरा मात्र परत मिळत नाही.

दुसरा निर्णय फोकसचा. यावर थोडा वेळ घालवते, कारण इथे तुमचं हायपरफोकलचं (कुठे फोकस धरला तर जवळून दूरवर सगळं स्पष्ट येतं, याचं) ज्ञान थेट कामी येतं. फुल फ्रेमवर २८ मिमी, एफ/८ आणि फोकस तीन मीटरवर ठेवला, तर साधारण दीड मीटरपासून तीसेक मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५ मिमीला, त्याच अ‍ॅपर्चरवर, अडीच मीटरवर फोकस धरला तर पट्टा १.७ ते ५ मीटरचा मिळतो. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर १८ मिमी, एफ/८ आणि दोन मीटर, म्हणजे एक मीटरपासून जवळजवळ अनंतापर्यंत. यालाच झोन फोकसिंग म्हणतात. फोकस मॅन्युअलवर टाकायचा, अंतर ठरवायचं आणि मग त्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. हे आकडे मध्यम आकाराच्या प्रिंटच्या हिशेबाने आहेत. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून बघाल तर पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मऊपणा दिसेलच. दिसू द्या.

आजकालच्या बऱ्याच लेन्सवर अंतराच्या खुणा नसतात. अशा वेळी तीन मीटरवरच्या खांबावर ऑटोफोकस करायचा आणि लगेच मॅन्युअलला जायचं. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा: ज्या लेन्समध्ये फोकसची रिंग मोटरमार्फत चालते, त्यांतल्या काही कॅमेरा बंद करून चालू केला की ठरवलेलं अंतर विसरतात. तुमची लेन्स तसं करते का, हे घरीच तपासून घ्या. करत असेल तर कॅमेरा झोपेतून उठल्यावर दर वेळी खांब शोधायची सवय लावावी लागेल.

मग आता जे कॅमेरे डोळे ओळखून आपोआप फोकस करतात, त्यांचं काय? एकटा माणूस असेल तर ते झकास काम करतात. गर्दीत मात्र कॅमेरा कुठला तरी चेहरा निवडतो आणि तो नेमका तुमचा नसतो. शिवाय कितीतरी चांगल्या फोटोंत चेहरा नसतोच: पाठ असते, हात असतो, नाहीतर सावली. अंधार पडल्यावर चित्र पालटतं. तेव्हा एफ/२, १/१२५, आयएसओ १६०० ते ३२०० अशा आकड्यांवर यावं लागतं, तीन मीटरवरचा स्पष्ट पट्टा दीड मीटरचाच उरतो, आणि ऑटोफोकसवर विसंबण्यात शहाणपण आहे. पहिल्या दोन-तीन सकाळी नीट जमेपर्यंत रात्रीच्या वाटेला जाऊ नका, असंच मी सुचवेन.

कॅमेऱ्याच्या मोड डायलवर सी१, सी२ अशा जागा असतील तर सी१ मध्ये तुमचं निसर्गचित्राचं सेटिंग आणि सी२ मध्ये हे रस्त्याचं साठवून टाका. वेळेची जी वाटणी केली, तीच डायलवर उतरेल.

प्रवासातच जाणवणारी आणखी एक अडचण दिव्यांची आहे. विजेची वारंवारता काही देशांत ५० हर्ट्झ असते, काहींत ६०. पहिल्या ठिकाणी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, दुसऱ्या ठिकाणी १२० वेळा. (जपानमध्ये तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०, म्हणजे एकाच देशात दोन्ही.) एलईडीच्या उजेडात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की फोटोवर आडवे पट्टे येतात ते यामुळे. भुयारी स्टेशनात किंवा छताखालच्या बाजारात मेकॅनिकल शटरवर या, आणि ५० हर्ट्झच्या देशात १/१०० किंवा १/५०, ६० हर्ट्झच्या देशात १/१२० च्या आसपास किंवा १/६० घ्या. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू करा. उघड्यावर, दिवसाउजेडी, याची फिकीर नाही.

तिसरा निर्णय अंतराचा आणि त्याच्या पोटातच फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्स किती रुंद दृश्य घेते त्याचा. तीन मीटरवर २८ मिमीच्या आडव्या फ्रेममध्ये सुमारे ३.९ मीटर रुंदी आणि २.६ मीटर उंची मावते. म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत येतो आणि वर-खाली थोडी जागा उरते. ५० मिमीने त्याच जागेवरून रुंदी २.२ आणि उंची १.४ मीटर मिळते, म्हणजे उभा माणूस पुरता मावत नाही. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण एकाच फोकल लेंग्थला आठ-दहा दिवस चिकटून राहिलात तर कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच फ्रेमच्या कडा कुठे पडतील हे कळायला लागतं. झूम फिरवत राहिलात तर कधीच कळणार नाही.

याची तालीम निघण्यापूर्वी करायची. परक्या शहरात पोचल्यावर नकाशा, भाषा, बसचे मार्ग यांतच डोकं गुंतलेलं असतं, तिथे झोन फोकसिंगचा श्रीगणेशा करणं जड जातं. आठवडाभर रोज अर्धा तास, राहत्या वस्तीतच. पहिले दोन दिवस फोटोसुद्धा नकोत. चालता चालता समोरची वस्तू किती मीटरवर आहे याचा अंदाज करायचा आणि ऑटोफोकस किंवा पावलांनी पडताळायचा. दीड, तीन आणि पाच मीटर ही तीन अंतरं डोळ्यांत बसली की पुरे. मग कॅमेरा उचलणं, बटण दाबणं, खाली घेणं, हे न थांबता एका लयीत. आणि मागच्या पडद्यावरचा ऑटो रिव्ह्यू बंद करून टाका. निसर्गचित्रात प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्राम बघणं शहाणपणाचं असतं. रस्त्यावर तेवढ्यात पुढचा फोटो निघून गेलेला असतो.

आता प्रत्यक्ष शहरात. नवख्यांना बाजारात जायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. बाजार ही सगळ्यात अवघड जागा आहे: मागे शंभर वस्तू, रंगांची मारामारी, माणसांवर माणसं, आणि उजेड छताखालून झिरपलेला. अनुभवी माणूस त्यातून काहीतरी निवडतो, नवखा सगळंच घेऊन येतो. सुरुवात जिथे माणसं थांबतात तिथे करा: बसथांबे, रेल्वेचे फलाट, फेरीबोटीचे धक्के, सार्वजनिक इमारतींच्या पायऱ्या. थांबलेल्या माणसाला वेळ असतो, म्हणून तुम्हालाही मिळतो. वाट बघणारे लोक कॅमेऱ्याची फारशी दखल घेत नाहीत, आणि घेतली तरी काही क्षणांत आपापल्या विचारांत परततात.

तुमच्यासारख्यांना सगळ्यात लवकर जमणारी पद्धत म्हणजे आधी जागा धरायची, माणूस मागाहून येऊ द्यायचा. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा, फ्रान्समधल्या एर गावातला सायकलवाला अनेकांनी पाहिला असेल. वरून दिसणारा वळणदार जिना, त्याचा लोखंडी कठडा, खालच्या रस्त्याचं वळण, आणि त्यावरून निसटणारी धूसर सायकल. त्यातली जिन्यापासून रस्त्यापर्यंतची सगळी बांधणी जागेवर स्थिर आहे, फक्त सायकल यायची होती. निसर्गचित्र काढणाऱ्याला ही रीत परकी वाटू नये. ढगाची वाट बघायची ती माणसाची बघायची, एवढंच.

एक उदाहरण बारकाईने सांगते, म्हणजे 'वाट बघणं' म्हणजे काय ते कळेल. शिबिरातल्या एका मुलीच्या सलग फ्रेम मी इतरांना नेहमी दाखवते. सकाळची वेळ, दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा तिरपा पट्टा समोरच्या पिवळसर भिंतीवर पडलेला, बाकी गल्ली सावलीत. तिने उजेड पट्ट्यावरच मोजला आणि एक्स्पोजर मॅन्युअलवर कुलूपबंद केलं. स्वच्छ, वर आलेल्या उन्हाला आयएसओ ४०० वर एफ/८ आणि १/१६०० लागतात. तिथे ऊन कोवळं होतं म्हणून ती १/८०० ला होती. त्यामुळे सावलीतली गल्ली आपोआप जवळजवळ काळी झाली. ऑटोवर असती तर कॅमेऱ्याने काळोख उजळायला जाऊन भिंत पांढरीफटक केली असती.

पहिल्या फ्रेममध्ये एक गृहस्थ पट्ट्यात शिरलेत, पण त्यांचं डोकं मागच्या काळ्या दारात बुडालंय. नुसता सदरा चालल्यासारखा दिसतो. दुसऱ्यात एक बाई, उजेड चेहऱ्यावर अचूक, पण दिव्याचा खांब थेट डोक्यातून उगवलेला. इथे तिने जे केलं ते शिकण्यासारखं आहे: दुसऱ्या माणसाची वाट न बघता ती आधी अर्धं पाऊल डावीकडे सरकली, त्याने खांब दाराच्या चौकटीवर जाऊन बसला आणि भिंतीचा मधला भाग मोकळा झाला. पुढच्या काही फ्रेम रिकाम्या किंवा निकामी. दोन माणसं एकमेकांना झाकतायत, एकाचा पाय फ्रेमच्या कडेने कापलाय. मग एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांच्या मागे दप्तर घेतलेलं पोर. दोघांच्या मधून भिंत दिसते, चारही पावलं वेगवेगळी, आणि म्हाताऱ्यांची सावली पुढे धावून भिंतीवर चढलेली. तिथे तिने सलग तीन-चारदा बटण दाबलंय आणि त्यातली एकच फ्रेम खरी उतरलीय, ती पुढचा पाय पूर्ण ताणलेला असतानाची. आधीच्या फ्रेममध्ये पाय एकमेकांवर आलेत आणि माणूस एकाच खांबावर उभा असल्यासारखा दिसतो. नंतरच्या फ्रेममध्ये डोकं सावलीत गेलंय.

बघायच्या गोष्टी याच: डोक्यामागे काय आहे, माणसामाणसांत फट आहे का, पावलं मोकळी आहेत का. हावभाव वगैरे त्याच्या पुढचं.

भिडेबद्दल. सगळ्यांना वाटतं की लांबून, टेलिफोटोने काढलं तर सोपं जाईल. लोकांना मात्र लांबून रोखलेली मोठी लेन्स जास्त खटकते, कारण ती लपल्यासारखी वाटते. तीन मीटरवर उघडपणे उभा असलेला, छोटा कॅमेरा गळ्यात घातलेला माणूस प्रवासी म्हणून सहज खपून जातो. कॅमेरा सतत हातात, छातीच्या उंचीवर ठेवा, पिशवीतून एकदम बाहेर काढू नका. नजरानजर झाली तर हसा, मान हलवा. कुणी हात वर केला, तोंड फिरवलं, की कॅमेरा खाली. वाद घालायचा नाही, आणि पुसून टाका म्हणाले तर त्यांच्या देखत पुसायचं. तुमच्या कॅमेऱ्याचा पडदा बाहेर झुकत असेल तर कमरेपाशी धरून खाली बघत फोटो काढता येतात. रस्त्यावरचे फोटो काढणारी व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) हिचा रोलायफ्लेक्स कॅमेरा असाच खाली बघून वापरायचा होता आणि तिचे कितीतरी फोटो त्या खालच्या उंचीवरून आहेत, त्यामुळे माणसं थोडी भारदस्त दिसतात. पण हा दृष्टिकोन आवडला म्हणून वापरा, लपायला म्हणून नको. लपून काढलेल्या फोटोंत फ्रेम हमखास ढिली पडते.

काय काढायचं नाही, याचाही निर्णय आधीच करून टाका. रस्त्यावर झोपलेली, नशेतली, अपघातात सापडलेली माणसं मी काढत नाही आणि नवख्यांनाही काढू देत नाही. हरकत घ्यायची त्यांची स्थितीच नसते. मुलांसोबत पालक असतील तर आधी त्यांच्याकडे बघून खुणेने विचारायचं, नसतील तर सोडून द्यायचं.

कायदा देशागणिक वेगळा आहे आणि याची चौकशी तिकीट काढतानाच करावी. हंगेरीत २०१४ साली लागू झालेल्या नागरी संहितेनुसार फोटो प्रसिद्ध करायलाच नव्हे, काढायलाही संबंधिताची संमती लागते. गर्दीचं दृश्य आणि सार्वजनिक व्यक्ती यांना त्यातून सूट आहे. जर्मनीत ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करण्यासाठी संमतीचा नियम १९०७ पासून आहे. क्योटोच्या गिऑन भागातल्या खासगी गल्ल्यांत २०१९ पासून फोटो काढायला मनाई आहे, आणि त्याला कारण प्रवाशांचा उपद्रवच. विमानतळ, सीमा आणि लष्करी ठिकाणी जवळपास कुठेही कॅमेरा बाहेर काढू नका. काढणं, प्रसिद्ध करणं आणि जाहिरातीसाठी विकणं या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. तिसरीला बहुतेक ठिकाणी त्या माणसाची लेखी परवानगी लागते.

माणसांसमोर अजिबातच हात धजत नसेल तर दोन आडवाटा आहेत. एक, पॅनिंग. शटर १/३० ला आणायचं, बाजूने जाणाऱ्या सायकलबरोबर कमरेतून वळत जायचं आणि वळता वळता बटण दाबायचं, दाबल्यावरही थांबायचं नाही. सायकलवाला ओळखता येईल इतका राहतो, मागचं शहर रंगांच्या रेघा होतं. एर्न्स्ट हास या फोटोग्राफरने १९५० च्या दशकात स्पेनमधल्या बैलझुंजी मुद्दाम मंद शटरवर रंगीत फिल्ममध्ये काढल्या, तेव्हा हललेला फोटो म्हणजे चुकलेला फोटो अशीच समजूत होती. पॅनिंगमध्ये पन्नासात दोन-तीन जमले तरी खूप, हे आधीच सांगून ठेवते.

दुसरी आडवाट काचेची. सॉल लायटर (१९२३–२०१३) या फोटोग्राफरने न्यूयॉर्कमध्ये वाफ धरलेल्या खिडक्या, छत्र्या, दुकानांच्या काचांतली प्रतिबिंबं रंगीत फिल्मवर टिपली, आणि त्यासाठी तो लांब लेन्ससुद्धा वापरायचा. म्हणजे मी वर २८ मिमीचा एवढा पुरस्कार केला तो शिकण्याच्या सोयीसाठी. कामाची ती एकमेव रीत आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पाऊस पडला तर खोलीत बसून राहू नका, एवढं मात्र लायटरकडून जरूर घ्या.

रंगीत की कृष्णधवल, हेही विचारलं जातंच. शिकताना रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, पूर्ण माहिती) ठेवा आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा: व्ह्यूफाइंडरमध्ये कृष्णधवल दिसतं, त्यामुळे आकार आणि उजेड आधी डोळ्यांत भरतात, आणि रॉमध्ये रंग शाबूत राहतात. नंतर ज्या फोटोत रंगच बोलतोय तो रंगीत ठेवा. अ‍ॅलेक्स वेब या फोटोग्राफरचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. तो १९७५ मध्ये हैतीला गेला तेव्हा कृष्णधवलमध्येच काम करत होता. तिथला आणि मेक्सिकोच्या सीमेवरचा प्रखर उजेड, भडक रंग आपल्या फोटोंत उतरत नाहीत हे जाणवून तो पुढच्या काही वर्षांत रंगाकडे वळला, आणि आज तो ओळखला जातो तो रंगासाठीच. नवी शैली त्याच्या गळी त्या जागेने उतरवली. तुमचं शहर रंगाचं आहे, धुक्याचं आहे की लांब सावल्यांचं, हे पहिल्या दिवशी कॅमेरा न काढता फिरून बघा. अनोळखी शैलीतला नेमका कुठला भाग इथे करून बघण्याजोगा आहे, ते तिथे कळेल.

रोज रात्री फोटो बघायचे, पण निवडायला नव्हे, तपासायला. फोकसचा पट्टा सगळीकडे पुढेच पडतोय का, पाय कापले जातायत का, क्षितिज सरळ करण्याच्या नादात क्षण हुकतोय का. (निसर्गचित्रवाल्यांची ही खास खोड. रस्त्यावर दोन अंशांचा तिरकेपणा माफ असतो.) जे चुकतंय त्यातली एकच गोष्ट उद्यासाठी घ्यायची. नुसते जमलेले फोटो शोधत बसलात तर हिरमोड होईल, कारण पहिल्या आठवड्यात शेकड्याने फ्रेम घेऊन चार-पाचच बऱ्या निघतात आणि ते अगदी नेहमीचं आहे. निवड घरी परतल्यावर, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन. स्ट्रीट फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड (१९२८–१९८४) फिल्म मुद्दाम उशिरा धुवायचा, म्हणजे काढतानाचा मूड निवडीत लुडबुड करणार नाही. तो गेला तेव्हा न धुतलेले सुमारे २,५०० रोल मागे राहिले होते. इतकं ताणायची गरज नाही. कुणी हरकत घेतलेली नसेल तर आपणहून पुसायचं मात्र काहीच नाही. आज निकामी वाटलेली फ्रेम वर्षभराने वेगळी दिसते. कार्ड भरलं तर दुसरं घाला.

मोबाइलवर हे सगळं होईल का? बरंचसं होईल. मुख्य कॅमेरा २४ ते २८ मिमीच्या आसपासचा असतो, सेन्सर छोटा म्हणून स्पष्ट पट्टा आपोआप खोल मिळतो. अडचण एचडीआरची (उजळ आणि काळोखे भाग एकत्र सांभाळणाऱ्या सोयीची) आहे, तो सावल्या उपसून उन्हाचा पट्टा बोथट करतो. उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा.

राहिली लेन्स. आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे २४–७० किंवा १८–५५ सारखी काहीतरी झूम असणारच. फुल फ्रेमला २८ वर, एपीएस-सीला १८ वर आणा आणि झूमच्या रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ती जाम करून टाका. वजनाने थोडी जड पडेल, दिसायला मोठी दिसेल, पण आठवडा निभावून जाईल. परतल्यावर ठेवलेल्या फोटोंकडे बघा. त्यांतले बहुतेक कडेने कापावेसे वाटत असतील तर तुमची नजर ३५ ची, कदाचित ५० ची आहे. फ्रेमच्या बाहेर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत असेल तर २८ किंवा त्याहूनही रुंद. ते कळलं की मग त्या एका फोकल लेंग्थची, एफ/२ च्या आसपासची छोटी, हलकी लेन्स घ्या. जुनी, वापरलेली मिळाली तरी चालेल; एफ/८ वर सगळ्याच बऱ्यापैकी असतात.